शेजारच्या पेशी

दादाच्या यकृतात गाठ आहे हे कळलं तेव्हा त्याने मला पहिला प्रश्न विचारला तो असा: "हा तुझ्याच दुकानातला माल ना गं?"

तसं पाहिलं तर होता. मी ज्या प्रयोगशाळेत काम करते तिथे यकृताच्या कर्करोगाच्या पेशी बशांमध्ये वाढवतात, आणि त्या कशाने मरतात ते बघणं ही माझी नोकरी. दादा लिफ्ट दुरुस्त करतो. घरी कोणी आलं की माझी ओळख तो एका वाक्यात उरकायचा. "ही आमची छोटी. आधी जीव लावून वाढवते, मग जीव घेते." आता तो माल त्याच्याच पोटात निघाला म्हटल्यावर हे वाक्य त्याने बंद केलं. वहिनीच्या ते लक्षात आलं होतं, माझ्याही आलं होतं, पण आम्ही दोघी मूग गिळून बसलो.

तरुणपणी दादाला कावीळ झाली होती, रक्तातून लागते तसली. ती बरी झाली असं सगळ्यांनी धरून चाललं. विषाणू मात्र यकृतात ठाण मांडून बसला होता, आणि इतक्या वर्षांनी त्याने हा उद्योग करून ठेवला. गाठी दोन होत्या. एक लहान, यकृताच्या पार कडेला. दुसरी लिंबाएवढी आणि एका मोठ्या रक्तवाहिनीला खेटून. तिथे सुरी लावायची म्हणजे वाहिनीलाच हात घालणं आलं, म्हणून सर्जननी नकार दिला. गाठीचा रक्तपुरवठा बंद करून पाहिला. थोडे दिवस ती रुसल्यासारखी गप्प राहिली आणि पुन्हा वाढायला लागली.

तेव्हा यकृताच्या डॉक्टरीणबाईंनी आम्हाला बोलावून घेतलं. बाई वयाने मोठ्या, आवाज खालचा, आणि समजावून सांगायचं म्हटलं की कागदावर चित्र काढायची सवय. त्यांच्या विभागात एका नव्या उपचाराची चाचणी सुरू होत होती. त्या उपचारामागचं काही काम आमच्या प्रयोगशाळेत झालं होतं, त्यामुळे मी आधीच सांगून टाकलं होतं की हा माझा सख्खा भाऊ आहे, त्याच्या बाबतीतल्या कुठल्याही निर्णयात मला धरू नका. त्या दिवशी मी फक्त बहीण म्हणून खुर्चीत बसले होते. दादा मधे, वहिनी त्याच्या पलीकडे.

बाईंनी एक गोल काढला. "ही गाठीतली पेशी. आम्ही सुईने गाठीत एक विषाणू सोडतो. त्याची आजार पसरवायची ताकद काढून घेतलेली असते. तो फक्त हमालासारखा. त्याच्या पाठीवर एक जनुक असतं, ते तो पेशीत नेऊन ठेवतो. मग तुम्हाला गोळ्या द्यायच्या. साध्या गोळ्या, नागीण झाली की देतात त्याच. बाकीच्या शरीरात त्या गोळीचं काही होत नाही, आली तशी निघून जाते. पण जिच्यात हे जनुक आहे ती पेशी त्या गोळीचं विष बनवते. स्वतःच बनवते आणि स्वतःच मरते."

"हुशार आहे," दादा म्हणाला.

"म्हणून तर याला आत्महत्येचं जनुक म्हणतात," बाई म्हणाल्या. "पेशीला आत्महत्या करायला लावायची. आणि यातली खरी मजा पुढेच आहे. एकटी जात नाही ती. शेजारच्या पेशींनाही..."

खुर्ची मागे सरकल्याचा आवाज झाला. वहिनी उठली होती. "मी बाहेर थांबते," एवढंच म्हणाली आणि दार हलकेच ओढून घेऊन गेली.

बाईंच्या हातातलं पेन तसंच राहिलं. दादाने माझ्याकडे पाहिलं. मी खांदे उडवले.

मी बाहेर आले तर वहिनी व्हरांड्याच्या टोकाला खिडकीशी उभी. चेहऱ्यावर काहीच नाही. "डोकं दुखतंय," म्हणाली. आणि रात्रीच्या जेवणाची भांडी आवरताना, पाठमोरीच, तिने सांगून टाकलं, "तुम्ही दोघं काय ते ठरवा. मला यात धरू नका. मला ते जमणार नाही."

आता ही बाई म्हणजे आमच्या घराचं हायकोर्ट. पडद्याच्या रंगापासून दादाच्या दातापर्यंत प्रत्येक निकाल तिचा. आणि या चाचणीत घरच्या माणसाचं काम मोठं होतं. ताप बघायचा, गोळ्यांच्या वेळा सांभाळायच्या, काही वेगळं दिसलं तर लगेच कळवायचं. दादाची मुलं शिकायला बाहेरगावी, त्यामुळे ते वहिनीवरच येणार होतं. ती नको म्हणते म्हटल्यावर दादाचा चेहरा पडला.

दुसऱ्या दिवशी तो मला म्हणाला, "तिने मनातून मला सोडून दिलंय वाटतं."

"काहीतरीच काय बोलतोस!"

"नाहीतर काय? एवढं चांगलं समजावून सांगत होत्या बाई. हिला ऐकवलं पण नाही. नवरा जायचाच आहे, मग उगाच कशाला हाल, असा हिशोब असेल." थोडं थांबून म्हणाला, "मी असतो तिच्या जागी, तर मलाही तसंच वाटलं असतं."

हे तो शांतपणे म्हणाला, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटली. म्हणून मी वहिनीला गाठायचं ठरवलं. घरी नाही. घरी तिला पळून जायला स्वयंपाकघर होतं.

वहिनी शहराच्या तरणतलावावर लहान मुलांना पोहायला शिकवते. मी गेले तेव्हा तिची शेवटची तुकडी पाण्यात होती. मुलं काठाला धरून पाय मारत होती आणि ती कमरेइतक्या पाण्यात उभी राहून ओरडत होती, "गुडघे नको वाकवू! सायकल चालवतोयस का?" मी काठावरच्या बाकावर बसले. छत काचेचं होतं, त्यातून आलेलं ऊन पाण्यावर हलत होतं. मुलं गेली. वहिनी टॉवेल खांद्यावर टाकून आली, मला बघून तिला आश्चर्य वाटलं नाही.

"पाठवलं का त्यांनी?"

"नाही. मीच आले. तो समजतोय की तू त्याला सोडून दिलंयस."

ती बसली. केसांचं पाणी पिळत राहिली. मग म्हणाली, "माझे बाबा कशाने गेले, ठाऊक आहे तुला?"

"हृदयविकाराने."

"नाही."

तिला पुढचं सांगायला वेळ लागला नाही. जे सांगायला आयुष्यभर वेळ लागला होता ते दोन-चार वाक्यांतच संपलं. ती शाळेत होती, तिचा भाऊ तिच्याहून लहान. बाबा टपाल कचेरीत होते. एका सकाळी ते नेहमीसारखे आवरून निघाले आणि कचेरीत पोचलेच नाहीत. त्यांनी स्वतःच जीव दिला होता. का, ते कोणालाच कळलं नाही. आईने मुलांना जवळ घेऊन सांगितलं, कोणी विचारलं तर म्हणायचं, हृदय बंद पडलं. वहिनी तेच म्हणत आली. शाळेत म्हणाली, मैत्रिणींना म्हणाली, सासरी आल्यावर आम्हाला म्हणाली.

"दादाला?"

"त्यांनाही. कसं सांगणार? आधी राहून गेलं, मग उशीर झाला." तिने टॉवेलची घडी घातली, मोडली. "तो शब्द मी आयुष्यात तोंडाने उच्चारला नाही. कोणी बोलायला लागलं की मी उठून जाते. आणि त्या बाई किती सहज बोलल्या. हसून बोलल्या. वर म्हणे शेजारच्यांनाही घेऊन जाते, आणि त्यातच मजा आहे."

हा शब्द मी दिवसातून कितीदा वापरते, त्याची गणतीच नाही. डबा खाताना वापरते, बशीवर चिठ्ठी लावताना वापरते. आमच्यात तो शब्द म्हणजे बटाटा किंवा पाना म्हटल्यासारखा.

"वहिनी," मी शेवटी म्हणाले, "तो शब्द कोणीतरी पूर्वी ठेवला आणि तो तसाच चालत आला. पेशीला मन नसतं. ती काही ठरवत नाही. तिला तर कळतसुद्धा नाही की ही गोळी आहे आणि याचं विष होतंय."

"मग तिला मारलं म्हण ना सरळ. तुम्ही मारता, नाव तिच्यावर घालता."

ते खरंच होतं.

"मला दाखवशील?" ती म्हणाली. "त्यांच्या पोटात काय होणार आहे ते? चित्र नको. खरं."

मी दोन दिवसांनी, परवानगी काढून, तिला प्रयोगशाळेत घेऊन गेले. दुपारची वेळ होती. तिने पांढरा कोट चढवला, बाह्या दुमडल्या आणि शाळा तपासायला आल्यासारखी सगळीकडे बघत फिरली. उबदार कपाटातून मी बशी काढली. डोळ्यांना काही दिसत नाही, तळाशी जरासं धुकं असल्यासारखं वाटतं. सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली तेव्हा ती वाकली आणि बराच वेळ तशीच राहिली.

"हिरव्या कोणत्या?"

"ज्यांच्यात ते जनुक आहे त्या. ओळखू याव्यात म्हणून चमकतील असं केलंय. बाकीच्या साध्या. सगळ्या कर्करोगाच्याच."

"हिरव्या थोड्याच आहेत."

"तेच तर दुखणं आहे. विषाणू प्रत्येक पेशीपर्यंत पोचत नाही. दहांतल्या एकीत पोचला तरी आम्ही खूश. मग बाकीच्या नऊ कशा मरणार?"

जिवंत बशीत बघता बघता काही घडत नाही, त्याला दिवस लागतात. म्हणून मी तिला पडद्यावर चित्रफीत लावून दिली. काही दिवसांचं काम मिनिटाभरात दिसतं. औषध घातल्यावर हिरव्या पेशी आधी चपट्या होत्या त्या आक्रसू लागल्या, गोल झाल्या, बुडबुड्यांसारख्या फुगल्या आणि बशीपासून सुटून तरंगल्या. मग त्यांना लागून असलेल्या साध्या पेशी. त्यांच्यात जनुक नव्हतं, तरी त्याही तशाच गोल झाल्या, सुटल्या. मग त्यांच्याही शेजारच्या. पडदा हळूहळू रिकामा होत गेला.

"यांना काय झालं?" वहिनीने विचारलं. "यांनी तर काही केलं नव्हतं."

"पेशी एकमेकींना टेकलेल्या असल्या की त्यांच्यामध्ये बारीक बोगदे असतात. त्यातून साखर, क्षार, काय काय इकडून तिकडे जात असतं. शेजारधर्मच म्हण. तयार झालेलं विष त्याच बोगद्यातून पलीकडे जातं."

"आणि चांगलं यकृत? तेही तर शेजारीच आहे."

मला बरं वाटलं. हा प्रश्न दादाने विचारला नव्हता. "ते विष पेशीला पकडतं ती स्वतःची नक्कल करत असताना. गाठीच्या पेशी सारख्या दुभंगत असतात. यकृताच्या चांगल्या पेशी तशा निवांत असतात, क्वचित कधी दुभंगतात. म्हणून त्या बहुतेक वाचतात. बहुतेक म्हणतेय हं, सगळ्या नाही. त्यासाठीच तर ही चाचणी. आधी हे बघायचंय की माणसाला हे सोसतं का. तो बरा होईल असं कोणीही कबूल केलेलं नाही, मीही करत नाही."

मग मी दुसरी चित्रफीत लावली. पेशी त्याच, पण विरळ पसरलेल्या. हिरव्या मेल्या. साध्या तशाच राहिल्या, एकेकट्या, लांब लांब, आणि काही वेळाने पुन्हा वाढायला लागल्या.

"या टेकलेल्या नव्हत्या," मी म्हटलं. "कधीकधी टेकलेल्या असूनही वाचतात. कर्करोगाच्या पेशी बरेचदा ते बोगदेच बुजवून टाकतात. तुझ्या नवऱ्याच्या गाठीत ते उघडे आहेत की बंद, हे आत्ता कोणालाच ठाऊक नाही."

वहिनी पडद्याकडेच बघत होती. "हिला दुखतं का?"

"दुखायला लागतं ते काही तिच्याकडे नाही गं."

"बरं आहे." मग स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली, "बाबांना त्या सकाळी कळत होतं की नाही, काय करतोय ते, हे मला अजून समजलेलं नाही. माझ्याशी तर नेहमीसारखं बोलले. बूट घालताना म्हणाले, दार ओढून घे. हे आणि ते एक नाही, हे कळतं मला. पण शब्द एकच वापरता तुम्ही." कोट काढून तिने खुंटीला अडकवला. "आम्ही नाही मेलो. आई, मी, भाऊ. टेकून होतो तरी. हे कुठे लिहून ठेवत असशील तर लिही."

मी तिचा हात धरला. एरवी आमच्यात असलं काही होत नाही, नणंद-भावजया म्हणून आम्ही एकमेकींची टिंगल करून दिवस काढलेले. तिने हात सोडवून घेतला नाही.

त्याच संध्याकाळी तिने दादाला सांगायचं ठरवलं. मी निघून जात होते, तिने मला थांबवलं. म्हणाली, मधेच अडखळले तर तू पूर्ण कर. दादा टेबलाशी बसून कुणाच्या तरी दाराची घंटा खोलून बसला होता. ती समोर बसली आणि एका दमात बोलली. अडखळली नाही.

दादाने पेचकस खाली ठेवला. घंटेची एक स्प्रिंग बोटांत फिरवत राहिला.

"मला ठाऊक आहे," तो म्हणाला.

"काय ठाऊक आहे?"

"हेच. लग्नाआधी तुझ्या आईने बोलावून सांगितलं होतं. म्हणाल्या, फसवून मुलगी द्यायची नाही मला. आणि वचन घेतलं की तू स्वतःहून बोलेपर्यंत मी विषय काढायचा नाही."

मला वाटलं आता ती रडेल. वहिनी रडली नाही, भडकली. तरणतलावावर ओरडते त्याच्या वरच्या पट्टीत.

"म्हणजे मी दरवेळी हृदयविकार हृदयविकार करत होते, आणि तुम्ही समोर बसून मान डोलवत होतात? मुलांच्या डॉक्टरांनी घराण्यातले आजार विचारले तेव्हा मी त्यांच्या कागदावर हृदयविकार लिहायला लावला! मोठ्याची दरवर्षी छाती तपासतो आपण!"

"तपासलेली बरी असते..."

"गप्प बसा!"

"वचन दिलं होतं गं."

"आईला दिलं होतं! आई जाऊन किती वर्षं झाली! तिच्यामागे तरी तोंड उघडायचं!"

"तू उघडशील म्हणून थांबलो. मग मलाही उशीर झाला."

ती पुढचे दोन दिवस त्याच्याशी बोलली नाही. त्याच्या नेहमीच्या गोळ्या पुढ्यात ठेवायची, पाणी ठेवायची आणि माझ्यामार्फत निरोप द्यायची, "सांग तुझ्या भावाला, स्वेटर घाल म्हणावं." दादाची मात्र कळी खुलली होती. मला हळूच म्हणाला, "भांडतेय म्हणजे सोडलेलं नाही." तिसऱ्या दिवशी सकाळी तिने चहाचा कप त्याच्यापुढे जरा जोरात आपटला आणि म्हणाली, "मी येतेय दवाखान्यात. पण त्या बाईंना एक सांगायचंय."

तिने सांगितलंही. सगळं नाही, जेवढं पुरेसं होतं तेवढं. डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढला. "मी इतकी वर्षं हा शब्द वापरतेय," त्या म्हणाल्या, "समोर कोण बसलंय याचा कधी विचार केला नाही. चुकलं माझं." त्या दिवसापासून त्यांनी आमच्यापुढे 'जनुकाचं औषध' एवढंच म्हटलं. पुढे त्यांच्या विभागातल्या एका परिचारिकेकडून कळलं की इतर रुग्णांपुढेही त्या आता तसंच म्हणतात. प्रयोगशाळेत मात्र जुनंच नाव चालतं, माझ्याही तोंडात. पण उच्चारताना आता जीभ जराशी थांबते.

सुई टोचली तेव्हा मी माझ्या कामावर होते. वहिनी त्याच्याजवळ होती. सोनोग्राफीच्या पडद्यावर बघत बघत बाईंनी मोठ्या गाठीत तीन-चार ठिकाणी औषध सोडलं. दादा म्हणाला, चावलेल्या मुंगीपेक्षा जास्त नाही, पण वहिनीच्या मनगटावर त्याच्या बोटांचे वळ होते. त्या रात्री ताप चढला, थंडी वाजली, दुसऱ्या दिवशीही उतरला नाही. हे होणार हे आम्हाला सांगितलेलं होतं, शरीर विषाणूला ओळखून अंगावर धावून जातं. मग ताप गेला आणि गोळ्या सुरू झाल्या. त्या खरंच साध्या, औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या. वहिनी डोळ्यांत तेल घालून त्या देत होती. यकृताच्या तपासण्यांचे आकडे थोडे वर गेले, बाई सावध झाल्या, आकडे परत खाली आले.

या काळात दादाला काही म्हणता काही करायचं नव्हतं. लिफ्टच्या शाफ्टमध्ये चढायला बंदी. तो खिडकीत बसून समोरच्या इमारतीची लिफ्ट ऐकायचा. "दुसऱ्या मजल्यावर घासतेय," म्हणायचा. शेवटी तिथल्या रखवालदाराला फोन करून त्याने ते सांगितलंच. रखवालदार म्हणाला, आम्हाला माहीत आहे, तुमचाच माणूस उद्या येतोय. दादा हिरमुसला.

पुढच्या स्कॅनचा दिवस आला. आम्ही तिघं पुन्हा त्याच खुर्च्यांत. बाईंनी पडदा आमच्याकडे वळवला. मोठ्या गाठीच्या मधोमध एक काळा भाग दिसत होता, वेडावाकडा, डाग पडल्यासारखा.

"हे मेलेलं आहे," बाई म्हणाल्या. "जितक्या पेशींत औषध पोचलं असेल असा आमचा अंदाज होता, त्याच्या कितीतरी पट. म्हणजे शेजारच्या पेशी गेल्या आहेत. पण सगळ्या नाहीत. ही इकडची कड जिवंत आहे. आणि लहान गाठ आहे तशीच आहे, तिला आम्ही हातच लावला नव्हता." मग त्यांनी एका जागी बोट ठेवलं. "मला आनंद झालाय तो याचा. मोठी गाठ आक्रसून रक्तवाहिनीपासून सुटली आहे. मधे जागा झाली आहे."

दादाने विचारलं, "म्हणजे मी बरा झालो का?"

"नाही," बाई म्हणाल्या. "पण सर्जन आता तुमच्याशी बोलायला तयार आहेत."

वहिनीने पर्समधून रुमाल काढला, नाक शिंकरलं आणि सर्जनची वेळ कधीची मिळेल ते विचारलं.

शस्त्रक्रिया मोठी झाली. मोठी गाठ तिच्या जिवंत कडेसकट निघाली, लहान गाठ सुई घालून जाळली. दादाला पुन्हा उभं राहायला पार हिवाळा उलटावा लागला. काढलेली गाठ तपासणं माझं काम नव्हतं, ते माझ्या सहकाऱ्याने केलं, आणि सगळं संपल्यावर त्याने मला तिचे पातळ काप लावलेल्या काचा दाखवल्या. जिथे पेशी मेल्या होत्या त्याच्या अवतीभवती बोगद्यांच्या खुणा दाट होत्या. जिवंत उरलेल्या कडेला त्या जवळजवळ नव्हत्याच. तिथल्या पेशींनी आधीच दारं लावून घेतली होती. आता आम्ही त्या दारांमागे लागलो आहोत. ती आधी उघडता आली तर मग औषध द्यायचं. चाचणीत दादाच्या बरोबर जे इतर होते त्यांच्यात सगळ्यांना असा लाभ झाला नाही. एकाची गाठ जराही बधली नाही आणि तो गेला. दादा त्याच्या बायकोला भेटून आला, वहिनीही बरोबर गेली होती. परत आल्यावर काय बोलणं झालं ते दोघांपैकी कोणीच सांगितलं नाही, आणि मी विचारलं नाही.

दर काही महिन्यांनी स्कॅन असतो. आजवर स्वच्छ आहे. दादा कामावर जातो, पण शाफ्टमध्ये उतरत नाही. नव्या लोकांना खालून ओरडून सांगतो आणि घसा बसवून घरी येतो.

या सगळ्यात वहिनीने एक गोष्ट केली. तिच्या भावाला फोन केला. तो दुसऱ्या शहरात असतो, वर्षाकाठी एखादी भेट. बाबांबद्दल ती दोघं लहानपणापासून एकमेकांशी कधीच बोलली नव्हती. आईने घातलेला पडदा दोघांनीही कधी उचलला नव्हता. तो आला तेव्हा मीही तिथेच होते. जेवण झालं, ताटं तशीच राहिली, आणि वहिनी सरळ म्हणाली, "मी यांना सांगितलं. बाबांचं."

भावाने पाण्याचा पेला बाजूला सरकवला. "मी माझ्या बायकोला सांगितलंय," तो म्हणाला. "तुला वाईट वाटेल म्हणून तुला नाही सांगितलं."

"म्हणजे मीच एकटी गप्प होते होय!"

मग ती दोघं बोलायला लागली. त्या सकाळबद्दल थोडं, पण फार नाही. त्या सकाळच्या आधी बाबांची कितीतरी वर्षं होती आणि ती कोणी कधी काढलीच नव्हती. भावाला आठवलं, एकदा शाळेत फोटो काढायचा होता म्हणून बाबांनी आदल्या दिवशी घरीच दोघांचे केस कापले होते.

"वाकडे!" वहिनी म्हणाली. "एक बाजू कानाच्या वर, एक खाली!"

"तू रडून गोंधळ घातलास."

"आणि तू नाही रडलास?"

"मग बाबांनी कात्री घेतली आणि स्वतःचेही तसेच कापले. एका बाजूने. म्हणाले, आता बघू कोण हसतं ते. आणि तसेच कचेरीत गेले."

दादा खो खो हसायला लागला, हसताना टाक्यांच्या जागी हात दाबून धरला. वहिनी हसत होती, डोळे पुसत होती, आणि मधेच भावाच्या दंडावर चापट मारून म्हणत होती, "अरे, डोकंभर केस होते त्यांना, आणि काळेभोर, तुला नाही आठवत, तू लहान होतास."

"आठवतात," भाऊ म्हणाला. "मला सगळं आठवतं."

"मग सांग ना," ती म्हणाली, आणि खुर्ची त्याच्याजवळ ओढून बसली.